‘किती वॉटचा?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात चांगलं संगीत ऐकण्याची सोय करावी असं ज्यांच्या मनात येतं, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा घ्यावा?’ गिझर घेताना आपण किती लिटरचा ते विचारतो, पंखा घेताना पात्यांचा घेर विचारतो, तसाच हा प्रश्न. दुकानदारही आकड्यातच उत्तर देतो. मग मोठा आकडा म्हणजे चांगलं यंत्र असं समजून, खिशाला परवडेल तेवढा मोठा आकडा घरी येतो. मला हा प्रकार स्थळ बघायला जाऊन मुलाचा पगार तेवढा विचारून परत येण्यासारखा वाटतो. पगार महत्त्वाचा खराच. पण संसार दोघांचा असतो. अ‍ॅम्प्लिफायरचा संसार स्पीकरशी असतो. तो कसा जमत गेला, कुठे बिनसला आणि त्यात आकड्यांचा शिरकाव कधी झाला, हा इतिहास कळला की निवड पुष्कळ सोपी होते.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. अ‍ॅम्प्लिफायरची कामं दोन. तबकडी, सीडी, रेडिओ यांतला कोणता स्रोत ऐकायचा ते निवडणं आणि त्याचा आवाज कमीजास्त करणं, हे पहिलं. ते करणाऱ्या भागाला प्री-अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. त्या नाजूक विद्युत संदेशात स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी ताकद भरणं, हे दुसरं काम. ते पॉवर अ‍ॅम्प्लिफायर करतो. ही दोन्ही कामं एकाच पेटीत, एकाच वीजपुरवठ्यावर चालतात, तेव्हा त्या पेटीला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. घरगुती स्टिरिओसाठी बहुतेक लोक हीच पेटी घेतात, आणि मीही तिच्याच निवडीबद्दल बोलणार आहे.

१९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी ‘ऑडिऑन’ नावाची नळी तयार केली. जुन्या रेडिओत तांबूस उजेड देणारे जे व्हॉल्व्ह आपल्यातल्या काहींनी पाहिले असतील, त्यांची ही पूर्वज. क्षीण संदेश मोठा करणं तिच्यामुळे शक्य झालं. पण ऐकायचं तर होतं कर्ण्यातून किंवा कानाला लावायच्या श्रवणयंत्रातून. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी, कागदी शंकूला तारेचं वेटोळं जोडून ते चुंबकाच्या क्षेत्रात हलवणारा, कर्ण्याशिवायचा स्पीकर जाहीर केला. आज आपल्या घरातले बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. पुढच्याच वर्षी तो ‘रेडिओला १०४’ या नावाने बाजारात आला, तेव्हा त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याच पेटीत बसवलेला होता आणि त्याची ताकद होती एका वॉटच्या आसपास. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ही जोडी जन्माला आली ती एकमेकांसाठीच घडवलेली, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

व्हॉल्व्हचा एक दोष होता. तो संदेश मोठा करी, पण जसाच्या तसा नव्हे. मूळ सुरात नसलेले सूर तो आपल्या पदरचे घाली. याला विरूपण म्हणतात. त्यावरचा उपाय सापडला तो नावेत. बेल प्रयोगशाळेतले तरुण अभियंते हॅरल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीतल्या फेरीबोटीतून कामावर निघाले होते. वाटेत त्यांना कल्पना सुचली आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका पानावरच त्यांनी आकृती व समीकरणं लिहून काढली. कल्पना अशी, की अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडलेल्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच खोडून काढील. मोबदल्यात थोडं वर्धन सोडून द्यायचं. कल्पना इतकी उफराटी वाटली की तिचं पेटंट मिळायला नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. निगेटिव्ह फीडबॅक हे तिचं नाव, आणि आजचा जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर तिच्यावर उभा आहे.

ब्लॅक यांचा हेतू दूरध्वनीच्या लांबलचक तारांपुरता होता. ती युक्ती संगीतासाठी पणाला लागली ती इंग्लंडमध्ये. १९४५ साली हॅरल्ड लीक यांनी ‘पॉइंट वन’ या नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. पॉइंट वन म्हणजे ०.१ टक्का विरूपण. विरूपणाचा आकडा असा यंत्राच्या नावातच आला. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या अभियंत्याने घरी बनवता येईल अशा उत्कृष्ट अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा दोन लेखांत प्रसिद्ध केला. ताकद १५ वॉट, विरूपण ०.१ टक्क्याहून कमी. देशोदेशीच्या हौशी लोकांनी डाग देण्याचं यंत्र हातात घेऊन तो बनवला. १९५३ मध्ये पीटर वॉकर यांच्या कंपनीने ‘क्वाड टू’ बाजारात आणला. त्याचीही ताकद १५ वॉटच. याच वॉकर यांनी १९५७ मध्ये विजेच्या स्थिर भाराने हलणाऱ्या पातळ पडद्याचा स्पीकर विकायला काढला. त्याच्या आवाजाची वाखाणणी आजही होते. पण त्याला वाजवीपेक्षा जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लावला तर आतल्या आत ठिणग्या पडून स्पीकरच कामातून जाण्याची भीती असे. क्वाड टू आणि हा स्पीकर यांचं मात्र सुखाने जमे. तेव्हा जास्त वॉट म्हणजे जास्त चांगलं, हे त्या काळच्या उत्तम जोडीलाच लागू नव्हतं.

मग १५ वॉट पुरत होते ते कसे? त्या काळचे स्पीकर मोठे असत आणि थोड्या वॉटमध्ये भरपूर आवाज देत. या गुणाला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. एक वॉट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, हे तिचं माप. १९४६ मध्ये अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा, भिंतींनाच कर्ण्याचा भाग करून घेणारा कपाटाएवढा स्पीकर काढला. त्याची संवेदनशीलता १०४ डेसिबलच्या घरातली. याच्या अगदी उलट टोकाला, ब्रिटिश नभोवाणी म्हणजे बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला ‘एलएस ३/५ए’ हा छोटा स्पीकर. माणसाच्या गळ्याचा आवाज तो फार खरा देतो, पण त्याची संवेदनशीलता जेमतेम ८२-८३ डेसिबल. दोघांत फरक २२ डेसिबलचा. डेसिबलचं गणित असं, की आवाज ३ डेसिबलने वाढवायला ताकद दुप्पट लागते आणि १० डेसिबलने वाढवायला दसपट. या हिशेबाने २२ डेसिबल म्हणजे सुमारे १५८ पट. छोट्या स्पीकरला १०० वॉट देऊन जेवढा आवाज निघेल, तेवढा कोपऱ्यातला तो महाकाय स्पीकर पाऊण वॉटही न घेता काढील. मग सांगा, ‘किती वॉटचा’ या प्रश्नाला स्पीकर कळल्याशिवाय काय उत्तर द्यायचं?

मोठे स्पीकर जाऊन छोटे का आले, याला कारण घरं. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी अमेरिकेत, पेटीत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून, पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा खोक्यातून खर्जाचे खोल सूर काढून दाखवले. घरधनिणी खूश झाल्या. पण हा स्पीकर वॉट फार खाई. के.एल.एच. या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, हॉफमन यांच्या नावाने या व्यवहाराचा नियमच रूढ झाला : छोटी पेटी, खोल खर्ज आणि कमी ताकदीत भरपूर आवाज, या तिन्हींपैकी कोणतेही दोन मागा, तिसरं मिळणार नाही. हा निसर्गाचा नियम आहे, त्यामुळे कोणत्याही जाहिरातीने तो बदलत नाही.

पाठोपाठ १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. एकाच्या जागी दोन स्पीकर, आणि अ‍ॅम्प्लिफायरही दोन. व्हॉल्व्हचे सुटे डबे, त्यांचे जड ट्रान्सफॉर्मर, मधल्या तारा, ही सगळी पसारेदार मंडळी दुप्पट झाली. बैठकीच्या खोलीत एवढा संसार मांडणं अवघड. म्हणून सगळं एका पेटीत घालण्याची निकड निर्माण झाली, आणि ती सहज शक्य केली ट्रान्झिस्टरने. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जन्मलेला ट्रान्झिस्टर १९६० च्या दशकात अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्थिरावला. लीक यांचा १९६३ चा ‘स्टिरिओ ३०’ हा ब्रिटनमधल्या अशा सुरुवातीच्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरपैकी एक. सडपातळ, हलका आणि फळीवर मावणारा.

ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले, पण आरंभीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक खोट होती. त्यांत ट्रान्झिस्टरची जोडी आळीपाळीने काम करते : ध्वनिलहरीचा वरचा अर्धा एक उचलतो, खालचा अर्धा दुसरा. एकाने खांदा सोडला आणि दुसऱ्याने धरला, या मधल्या क्षणी पालखी जरा हेलकावते. मोठ्या आवाजात हा हेलकावा झाकून जातो. पण संगीत हळुवार झालं की विरूपणाचं प्रमाण वाढतं. कागदावरचा विरूपणाचा आकडा बहुधा पूर्ण ताकदीवर मोजलेला असे, त्यामुळे तो अगदी गोंडस दिसे. ऐकणाऱ्याला मात्र तंबोऱ्याची जवार कोरडी वाटे, मींड संपताना सुराला कड आल्यासारखी वाटे, आणि आकडे पाहून तो आपल्याच कानांवर शंका घेई. शिवाय १९७० मध्ये मट्टी ओटाला या फिन्निश संशोधकाने दाखवून दिलं, की स्थिर सुरावर निर्दोष ठरणारा अ‍ॅम्प्लिफायर संगीतातल्या एकदम उसळणाऱ्या ध्वनीवर अडखळू शकतो. म्हणजे कानांची तक्रार खरी होती, मोजण्याची रीतच अपुरी होती. पुढच्या काळात ही खोट मोठ्या प्रमाणावर दूर झाली, पण धडा कायमचा आहे. आपलं ऐकणं बहुतेक वेळ पहिल्या एका वॉटच्या आत चालतं, आणि अ‍ॅम्प्लिफायरची परीक्षा तिथे व्हायला हवी.

बाजार मात्र दुसऱ्या टोकाला धावत होता. १९६० च्या दशकात आणि १९७० च्या आरंभी अमेरिकेतल्या जाहिरातींत वॉटचे आकडे फुगू लागले. ते फुगवणं किती सोपं आहे पाहा. समजा, अ‍ॅम्प्लिफायर दर बाजूला २० वॉट सतत देऊ शकतो. सरासरीऐवजी लहरीच्या शिखराची ताकद सांगा, झाले ४०. दोन्ही बाजूंची बेरीज करा, झाले ८०. विरूपण कितीही होऊ दे म्हणा, किंवा क्षणभराचीच ताकद मोजा, आकडा आणखी वर. खोटं कुणीच बोललं नाही, आणि २० चे शंभर झाले. अखेर १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला : वॉट सांगायचे तर सतत मिळणारी सरासरी ताकद सांगा, सगळ्या बाजू एकाच वेळी चालवून मोजा. किती ओहमच्या भारावर, कोणत्या स्वरमर्यादेत आणि किती विरूपणासह ते सांगा. मोजण्याआधी यंत्र एक तास एक तृतीयांश ताकदीवर तापवून घ्या. एका घरगुती वस्तूवरच्या एका आकड्यासाठी सरकारी नियम करावा लागला, यावरून ग्राहकाची किती फसगत होत असेल याची कल्पना येते.

नियमाने आकडे खरे झाले, पण आकड्यांची हाव संपली नाही. १९७६ मध्ये पायोनियरच्या एका यंत्राची ताकद दर बाजूला १६० वॉट होती, १९७८ मध्ये दुसऱ्याची २७० वॉट. नेमक्या त्याच १९७८ साली एनएडी या लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीने ‘३०२०’ हा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर काढला. एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन अभियंत्याची ही रचना. रूप अगदीच साधं, किंमत बेताची, आणि तबकावर लिहिलेली ताकद दर बाजूला २० वॉट! स्पर्धेच्या दृष्टीने हास्यास्पद. पण एडवर्डसन यांनी प्रयोगशाळेतल्या ठोकळ्याऐवजी खऱ्या स्पीकरचा विचार केला होता. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं, तरी सूर बदलेल तसा त्याचा रोध बदलतो. कधी तो ४ ओहमपर्यंत किंवा त्याखालीही उतरतो. रोध निम्मा झाला की स्पीकर दुप्पट विद्युत प्रवाह मागतो. तो देण्याची तयारी ३०२० मध्ये होती. तबल्याची थाप किंवा पियानोचा ठोका पडला, तर क्षणभर तो लिहिलेल्याच्या दुप्पट ताकद देई. मर्यादा ओलांडली, तर लहरीचे शेंडे कचकन तोडण्याऐवजी हळुवार वाकवी. त्यामुळे कागदावर दुप्पट ताकदीच्या यंत्रांपेक्षा तो अवघड स्पीकर अधिक चांगले वाजवी. जगभर तो प्रचंड खपला. आकडा कमी सांगून यश मिळवल्याचं असं उदाहरण या धंद्यात विरळाच.

आपल्याकडे हा इतिहास उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. १९९१ पूर्वी आयातीवर कडक बंधनं होती. काही देशी कंपन्या चांगलं काम करत होत्या. ज्यांना तेही परवडत नसे ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत सुटे भाग घेऊन ‘टू एन ३०५५’ या दणकट ट्रान्झिस्टरवर अ‍ॅम्प्लिफायर जुळवून घेत. त्या हौशी माणसाला निदान आपला ट्रान्सफॉर्मर केवढा आहे हे ठाऊक असे. बाजार खुला झाला आणि पाठोपाठ खोक्यांवर ‘पीएमपीओ’ अशी अक्षरं झळकू लागली. हजार वॉट पीएमपीओ, दोन हजार वॉट पीएमपीओ! ही अक्षरं म्हणजे संगीताची शिखर-ताकद, पण ती मोजायची कशी याची सर्वमान्य व्याख्याच नाही. अशा यंत्राच्या पाठीमागे वीज किती लागते हे लिहिलेलं असे, तिथे पन्नास-साठ वॉट एवढंच दिसे. भिंतीतून पन्नास वॉट घेणारं यंत्र स्पीकरला सतत हजार वॉट देणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पै-पै साठवून सणासुदीला असं खोकं घरी नेणाऱ्या कितीतरी कुटुंबांची यात निराशा झाली. यंत्राची पाठ वाचा, असं मी म्हणतो ते यासाठी. आजही हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. अमेरिकेतही २०२४ मध्ये तो जुना नियम पुन्हा घट्ट करावा लागला. ताकद ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्‌झ या पूर्ण मर्यादेत आणि एक टक्क्याहून कमी विरूपणासह मोजावी असं ठरवून द्यावं लागलं. पन्नास वर्षांनीही आकडे फुगवायची खोड गेलेली नाही.

आता निवडीचं पाहू. आधी स्पीकर निवडावा, कारण आवाजाचा स्वभाव सर्वांत जास्त तोच ठरवतो. त्याच्या कागदावरून दोन गोष्टी टिपून घ्याव्यात : संवेदनशीलता किती, आणि रोध कमीत कमी कुठवर उतरतो. मग आपली खोली. दहा बाय बारा फुटांची, फरशीची, विटांच्या भिंतींची खोली आवाज परतवते, त्यामुळे ताकद कमी लागते. लांबरुंद दिवाणखान्यात, जाड पडद्यांत आणि गाद्यागिरद्यांत ती जास्त लागते. समजा, स्पीकर ८७ डेसिबलचे आहेत आणि तुम्ही नऊ-दहा फुटांवर बसता. भरदार पण शेजाऱ्यांना त्रास न होईल अशा आवाजाला सरासरी दर बाजूला एक तृतीयांश वॉटही पुरतो. तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा कडकडाट सरासरीच्या पन्नासपट ताकद मागू शकतो. गुणाकार करा, १५-१७ वॉट. विल्यमसन आणि वॉकर यांचा आकडा तो हाच! थोडी शिल्लक हाताशी असावी म्हणून ३० ते ५० वॉटचा, पण ४ ओहमवरही न दमणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक मराठी घरांना भरपूर झाला. ८ ओहमवर ५० वॉट देणारं यंत्र ४ ओहमवर ८०-९० देत असेल, तर त्याचा वीजपुरवठा सशक्त आहे असं समजावं. ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, तर विचारावा. स्पीकर फारच कमी संवेदनशील असेल, तर मात्र वॉट वाढवायला कचरू नये. दुबळा अ‍ॅम्प्लिफायर ताणून वाजवला, तर लहरींचे शेंडे तुटतात आणि स्पीकरचा उंच सुरांचा नाजूक भाग जळू शकतो.

त्यानंतर स्रोत. सीडी प्लेअर साधारण दोन व्होल्टचा संदेश देतो. तबकडीची सुई देते पाच मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे चारशेव्या हिश्शाएवढा. शिवाय तबकडी कापताना खर्ज कमी आणि उंच सूर जास्त केलेले असतात. ते पूर्ववत करण्याची पद्धत १९५४ पासून प्रमाण ठरली आहे. हे काम करणारा ‘फोनो’ विभाग सीडीच्या राज्यात अनेक अ‍ॅम्प्लिफायरमधून गळाला होता. आता तबकड्या परत आल्या आहेत, तेव्हा घरात आजोबांचा संग्रह असेल, तर फोनोची खाच आहे ना, हे आधी पाहावं. मोबाईलवरून ऐकणाऱ्याने डिजिटल खाच आणि ब्लूटूथ पाहावं. लागत नाही त्या सोयीसाठी मात्र पैसे मोजू नयेत.

आणि शेवटी ऐकावं. ऐकताना दुकानदार लावील ती धडाडणारी तबकडी नको. आपल्या ओळखीचं, रोजच्या ऐकण्यातलं काही न्यावं. आवाज आपण घरी ठेवतो तेवढाच ठेवावा. विलंबित ख्याल असेल तर गाण्याकडे जरा दुर्लक्ष करून मागच्या तंबोऱ्याकडे कान द्यावा. तो सलग, भरलेला ऐकू येतो का? गायक श्वास घेतो ते कळतं का? दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवायला सांगावा, कारण किंचित मोठं वाजणारं यंत्र आपल्याला उगाचच अधिक चांगलं वाटतं, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. दोन यंत्रांत फरकच कळला नाही, तर निःशंकपणे स्वस्तातलं घ्यावं. उरलेल्या पैशांत चांगले स्पीकर किंवा पुष्कळ संगीत येतं. किती वॉटचा, हा प्रश्न मग विचारायला हरकत नाही. तोवर त्याचं उत्तर तुम्हालाच आलेलं असतं.